पुतळाबाईच्या नाकावरून

मी थ्रीडी चष्मा बोलतोय. हो, तोच, जो तुम्ही थेटरात डोळ्यांवर चढवण्याआधी शर्टाच्या टोकाला पुसता. पुसता म्हणजे आधी उजेडात धरता, डोळे बारीक करता आणि बायकोला विचारता, "हे नीट धुतात का गं?" धुतात हो. तुमच्याआधी मी कुणाच्या नाकावर होतो, ही तुम्हाला शंका. तुम्ही घरून नाकात काय घेऊन आलात, ही मला शंका. तेव्हा फिट्टंफाट झाली, राग मानू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण खोक्यातली. काळ्या प्लास्टिकच्या काड्या आणि दोन धुरकट काचा. काचा म्हणायचं आपलं, त्याही प्लास्टिकच्याच. खोकं उघडलं ते एकदम वाशीला, एका मॉलमधल्या थेटरात. तिथे पोटापाण्याला लागलो.

काम तसं सोपं. खेळ सुरू होताना पाकिटातून बाहेर यायचं, कुणाच्या तरी नाकावर बसायचं, खेळ संपला की क्रेटमध्ये पडायचं, मग धुण्याची मशीन, पुन्हा पाकीट. पण ह्या कामात माणसं फार जवळून दिसतात. पोरांना पिक्चर दाखवायला आलेले बाप पहिल्या मारामारीत घोरू लागतात आणि घरी जाताना गोष्ट सांगतात. रडू आलं की लोक म्हणतात, एसी फार आहे बाबा इथे. आणि खेळ संपला की चांगली शिकलीसवरली माणसं मला अलगद खिशात सरकवतात. घरी नेऊन काय करणार, ते त्यांचं त्यांना माहीत.

म्हणूनच दारात नामदेव उभा असायचा. पुढ्यात क्रेट, आणि नजर लोकांच्या खिशांवर, पर्सवर, पोरांच्या दप्तरांवर. एखादा फार गोड हसत "थँक्यू हं" म्हणाला की नामदेव त्याला हमखास थांबवायचा. माझी शाळा म्हणाल तर तोच. माणूस गोड बोलायला लागला की कान टवकारायचे, हे मी त्याच्याकडून शिकलो.

तर अशा माझ्या वाट्याला सारसोळ्याच्या पुतळाबाई आल्या. उन्हाळ्याची सुट्टी होती, दुपारचा खेळ होता आणि थेटर पोराटोरांनी भरलं होतं. पिक्चर जादूचा. एक म्हातारा जादूगार आणि त्याच्याकडे जादू शिकायला आलेली एक पोरगी. पुतळाबाईंची नात रंजिता आजीला घेऊन आली होती. वाशीतल्याच एका ऑफिसात नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. तिने पाकीट फोडलं आणि मला आजीच्या हातात दिलं.

"ह्यो काला चष्मा कनाला?" पुतळाबाई म्हणाल्या. "मोतीबिंदूचा हाय काय? माझं आपरेशन झालंय ना."

"पिक्चरचा हाय, आजी. घाल, मजा येते."

"मजा," पुतळाबाई म्हणाल्या आणि मला उलटसुलट करून बघितलं. मग एकदाची मी त्यांच्या नाकावर बसलो. केसांत अबोलीचा वळेसर, कानात जड सोन्याचं, आणि कपाळावर अशी आठी, की तिथे आधीच कुणी वस्तीला असल्यासारखं वाटलं.

पिक्चर सुरू झाला आणि जादूगाराचा कावळा पडद्यातून सरळ अंगावर आला. बाकीची पोरं किंचाळली. पुतळाबाईंनी मात्र हात उगारून त्याला फाडकन एक हाणली. हाताला काही लागलं नाही, तसं त्यांनी मला काढलं, पडदा बघितला, परत घातलं, परत बघितला. "ह्याच्यातच काय तरी हाय," त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्यावर संशय. खरं सांगतो, मला बाई तिथेच आवडली. दिसलं की लगेच खरं मानायचं नाही, अशी माणसं हल्ली मिळतात कुठे?

पिक्चरमधला म्हातारा समुद्रातल्या एका खडकावर, दीपगृहात राहायचा. रोज संध्याकाळी एक मंत्र म्हणायचा, त्याने समुद्र आपल्या जागी राहायचा. पोरगी मंत्र शिकायला आलेली, आणि म्हातारा तिला नुसता जिना झाडायला लावी.

"बराबर," पुतळाबाई मोठ्याने म्हणाल्या. "माझ्या सासूनं पन मना आधी निस्तं तांदूल निवराला बसवलेलं. गानं मागलं का सूप पुढं."

"मावशी, जरा हळू," शेजारच्या सीटवरचे गृहस्थ म्हणाले. त्यांची बायको त्यांना मघापासून अरविंद, अरविंद करत होती.

"तुमच्या पिच्चरला बोललं नाय, माझ्या सासूला बोललं," पुतळाबाईंनी त्यांना ऐकवलं.

पडद्यावरची पोरगी जिना झाडता झाडता दाराला कान लावून मंत्र ऐकायला लागली. पुतळाबाई पुढे सरसावल्या. "ही चोरनार. बघ तू. तोंडावरनंच चोर दिसतंय." आणि म्हाताऱ्याने पोरीला पकडून होडीत बसवून हाकलून दिलं, तेव्हा त्यांनी समाधानाने पाठ टेकली. रंजिताने मात्र आपला चष्मा काढून डोळे पुसले.

तेवढ्यात मध्यंतर झालं. दिवे लागले आणि पुतळाबाईंनी पहिली गोष्ट केली ती ही, की नातीच्या मांडीवरचा मोबाईल उचलला आणि आपल्या पिशवीत, पार तळाशी टाकला.

"आजी, मोबाईल कशाला घेतलास?"

"राहूदे माझ्याकरं. तू मना इकरं कनाला आनलंस, ते मना ठावं हाय."

"पिक्चर बघायला आणलं. जरा हसशील म्हणून."

"येवरे पिच्चर लागलेत, त्यात तुला गुरू आन चेलीचाच गावला?"

माझ्याही मनात पाल चुकचुकली. ह्या पोरीने आजीला उगाच आणलं नव्हतं.

पॉपकॉर्न खाताखाता दोघींचं जे बोलणं झालं, त्यातून मला कळलं ते असं. पुतळाबाई धवलारीण. खाडीकाठच्या गावांतल्या लग्नांत भटजीइतकाच, किंबहुना जास्तच मान जिचा, ती ही बाई. मांडवापासून हळदीपर्यंत सगळे विधी तिच्या गाण्यावर चालतात. ती एकेका देवाला गाण्यातून हळदीला बोलावते, आणि सगळे आल्याशिवाय नवऱ्या मुलाला हळद लागत नाही. हे सगळं तोंडपाठ, सासूकडून सुनेकडे आलेलं. पुतळाबाईंची सून काही शिकली नाही. आणि त्यांच्या दिराचा नातू दिपेश, हा डीजेवाला. मागे त्याने "आजी, आठवण म्हणून एकदा गा ना" असं लाडीगोडी लावून त्यांचं हळदीचं गाणं मोबाईलवर घेतलं. आणि पुढच्याच हळदीला त्याखाली धडाम धडाम बीट घालून वाजवलं. लोक बाटल्या डोक्यावर ठेवून नाचले.

"देव बोलवलेले मी," पुतळाबाई म्हणाल्या. "आन हे लोक दारू पिऊन त्यांच्यासमोर नाचतान. देव काय म्हनलं असल मना?"

तेव्हापासून त्यांनी कुणासमोर लग्नाबाहेर तोंड उघडलं नव्हतं. मोबाईल दिसला की बाई खोकायला लागत. आणि आता एक नवीनच भीती त्यांना खात होती. चार दिवसांवर शिरवणे गावच्या धर्मराजच्या घरी हळद होती, त्याच्या मुलाची, मितेशची. मागच्या लग्नात पुतळाबाईंची मधली एक ओळ गेली होती. खोकून वेळ मारून नेली, पण धर्मराजच्या कानावर ते कुठून तरी गेलंच. तो घरी येऊन सांगून गेला होता, "मावशे, नाय झेपलं तरी टेन्शन नको. दिपेशकरं रेकाडिंग हाय."

म्हणजे गाणं आठवलं नाही, तर त्यांची जागा स्पीकर घेणार. आणि एकदा स्पीकरने घेतली, की शिरवणे काय, सारसोळे काय, धवलारणीला कोण बोलावतंय? हे त्यांना कळत होतं. रंजितालाही कळत होतं.

"मी येऊ तुझ्याबरोबर हळदीला? तुझ्या मागे बसते," ती म्हणाली.

"ये. ताट धर. तोंड मिटून."

मग दिवे गेले आणि पिक्चर पुढे सुरू झाला.

आता पडद्यावर मोठी धामधूम. समुद्र चवताळलेला, दीपगृह हलतंय, म्हातारा जादूगार मंत्र म्हणायला उभा राहतो आणि मध्येच अडखळतो. त्याला पुढचं आठवत नाही. थेटरातली पोरं श्वास रोखून बसली होती. आणि मला माझ्या काचांवर ओल जाणवली. पुतळाबाईंच्या डोळ्यांची. त्यांनी एसीचं नाव घेतलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगतो.

पडद्यावर इतका गडगडाट चालला होता, की कुणाचं कुणाला ऐकू गेलं नसतं. तो मोका साधून पुतळाबाई ओठांतल्या ओठांत आपलं हळदीचं गाणं म्हणू लागल्या. स्वतःची परीक्षा घेत होत्या. गावदेवीला बोलावलं. एकवीरा आईला बोलावलं. आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. गावदेवी आली, एकवीरा आली, आणि पुढे नुसता काळोख.

तेव्हा शेजारून, पडद्यावरची नजर न काढता, रंजिता हळूच म्हणाली, "ये गो खारीबाय, हलदीला ये."

खारीबाय म्हणजे खाडी. एकवीरेनंतर खाडीला बोलवायचं असतं. तीच ती गेलेली ओळ.

पुतळाबाईंनी मला डोळ्यांवरून काढून कपाळावर सरकवलं आणि नातीकडे रोखून बघितलं. "कुठनं आलं हे तुझ्याकरं? मोबाईलमदनं ना?"

"मोबाईल तुझ्या पिशवीत हाय, आजी."

पण संशय असा एका वाक्याने जातो थोडाच? "म्हंजे कानानं चोरलंस."

"लहानपणापासून तुझ्या मांडीवर बसून हळदी बघितल्या. कान काय घरी ठेवून येऊ?"

"मंग मोप लोकांनी ऐकलंय. येतं कोनाला?" पुतळाबाईंनी मला परत डोळ्यांवर ओढलं आणि पडद्याकडे बघत, अगदी सहज म्हटलं, "खारीबाय झाली, का मंग पितर. पितरांना बोलवलं का संपलं. म्हन बघू."

मला वाटलं, रंजिता अडली. मग ती म्हणाली, "पितर नाय. आधी मीठ. मिठागरांना बोलवायचं, आणि मग पितर. आजी, तू मला फसवतेस."

पुतळाबाईंच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं. मी घाबरलो, म्हटलं बाईंना काय होतंय? तर त्या हसत होत्या. नाकावर बसलेला मी अख्खा हललो. ओळ चुकीची सांगितली आणि पोरीने ती निमूट घेतली असती, तर ती चोर. कारण चोराला माल मिळाल्याशी मतलब. हिने गुरूलाच अडवलं.

"मावशी, प्लीज," अरविंद म्हणाले. "क्लायमॅक्स चाललाय."

"इकरं पन तोच चाललाय," पुतळाबाई म्हणाल्या. पण पोरीला शाबासकीचं अक्षर दिलं नाही. पिक्चर संपला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मोबाईल परत दिला, एवढंच.

दारात नामदेव क्रेट घेऊन उभा. "आजी, चष्मा द्या."

"कनाला?"

"थेटरचा आहे तो. परत द्यायचा असतो."

पुतळाबाई ठाम उभ्या राहिल्या. "डोल्याचं आपरेशन केलं तवा चष्मा दिलेला. काला, असाच. त्यो परत मागला काय कोनी? तू हे गोला करून इकतंस काय?"

माझा गुरू नामदेव, आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणारा, त्याच्यावर पहिल्यांदाच कुणी संशय घेतला. मागे रांग खोळंबली. "आजी, घरी नेऊन ह्यातून काही दिसणार नाही हो," तो शेवटी म्हणाला.

"मना दिसतंय," पुतळाबाई म्हणाल्या आणि मला घेऊन चालू पडल्या. रंजिताने मान खाली घालून त्याला आपला चष्मा दिला, आजीचा नक्की आणून देते म्हणाली. नामदेवने तिचा नंबर घेतला, तिच्यासमोर फोन लावून खरा आहे का बघितला, आणि मग सोडलं. ह्याला चोरी म्हणायची असेल तर तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.

शिरवण्याच्या हळदीला पुतळाबाई मला लावूनच गेल्या. शूटिंगवाल्यांचे मोठाले दिवे त्यांच्या डोळ्यांना सोसत नव्हते, हे सांगायचं कारण. खरं कारण मी त्यांच्या पापण्यांपासून बोटभर अंतरावर होतो म्हणून मला ठाऊक. डोळ्यांतली भीती कुणाला दिसायला नको होती.

दिवेलागणीची वेळ. मांडव भरलेला. मितेश पाटावर बसलेला, बायका हळदीची वाटी घेऊन उभ्या, आणि जिकडेतिकडे वर केलेले मोबाईल. एका बाजूला दिपेश, पुढ्यात त्याची डीजेची पेटी, बाजूला माणसाएवढे स्पीकर. पुतळाबाई चटईवर बसल्या. रंजिता ताट धरून मागे, तोंड मिटून.

दिपेशने पुतळाबाईंपुढे माईक ठेवला. त्यांनी सुरुवात केली. गावदेवीला बोलावलं. आवाज खणखणीत. एकवीरा आईला बोलावलं. आणि थांबल्या.

मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो, ओळ त्यांना आठवत होती. आतल्या आत त्यांनी ती म्हटली, मला जाणवलं. पण त्या थांबल्या. मांडवात कुजबुज सुरू झाली. धर्मराजने लांबून दिपेशला खूण केली. स्पीकर खरखरला.

पुतळाबाईंनी मागे हात घातला, रंजिताचं मनगट धरलं आणि तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं. ताट कलंडलं, तांदूळ चटईभर झाले. "तू म्हन," त्या म्हणाल्या. "मी मागनं म्हनतंय."

"आजी, मी..."

"म्हन गो पोरी. देव वाट बघतान."

रंजिताने घसा साफ केला. पहिली ओळ इतकी बारीक निघाली, की माईकलाही कळली नसेल. पण पुतळाबाईंनी ती मागून उचलली आणि मांडवाच्या टोकापर्यंत नेली. ज्या बाईच्या पुढे आजवर कुणी गायलं नव्हतं, ती नातीच्या मागे गात होती. खाडी आली. मिठागरं आली. पितर आले. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघून हळूहळू साथ देऊ लागल्या. धर्मराजचा वर केलेला हात खाली आला आणि मग त्याने तो डोळ्यांना लावला. दिपेशने तयार ठेवलेलं रेकॉर्डिंग स्वतःच बंद केलं.

रंजिता थांबली. तिला वाटलं, झालं. सगळ्यांनाच वाटलं. बायका हळद घेऊन पुढे सरकल्या.

"थांबा," पुतळाबाई म्हणाल्या. "संपलं नाय."

त्यांनी माईकवर तळहात दाबून धरला. दुसऱ्या हाताने रंजिताचं डोकं आपल्याजवळ ओढलं, इतकं जवळ की माझी काडी तिच्या केसांत अडकली, आणि तिच्या कानात एक ओळ सांगितली. ही ओळ मोठ्याने म्हणत नाहीत. धवलारीण ती शेवटी मनातल्या मनात म्हणते, आणि मगच हळद लागते. म्हणून दिपेशच्या रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती, आणि रंजिताच्या कानांनाही ती कधी सापडली नव्हती. सगळा मांडव मोबाईल उंच करून बघत होता आणि कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

रंजिताने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. मग मितेशला हळद लागली.

हल्ली मी सारसोळ्याला, पुतळाबाईंच्या घरात, खिडकीतल्या फळीवर असतो. केसांत अडकलेली ती काडी त्या दिवसापासून सैल झालीय. नामदेवचा फोन अधूनमधून येतो. रंजिता त्याला "ह्या रविवारी नक्की" म्हणते आणि पुतळाबाई मागून "देऊ नको" म्हणतात. एक काच जरा खरवडलीय, तरी खिडकीतून खाडी दिसते तेवढी मला पुरे. थेटर आठवतं कधी कधी. पण आता कुणी मला पळवू नये, एवढीच देवाकडे मागणी आहे.

तुम्ही इतका वेळ बसून ऐकलंत, म्हणजे आता ती ओळ विचारणार, हे मला कळतंय. नाकावर होतो मी, शब्द न् शब्द ऐकलाय. तुम्ही चांगली माणसं असाल, नाही म्हणत नाही. पण तुमचा मोबाईल कुठे आहे ते आधी दाखवा, आणि दाखवलात तरी मी सांगणार नाही.